कोपऱ्यातल्या बेडची घंटा

सोमवार, ४ मार्च

आईच्या हुकमावरून हे लिहिणं सुरू करतेय. तिचं म्हणणं, माझ्या नाकावरचा राग लोकांवर काढण्यापेक्षा फोनमध्ये टिपून ठेवला तर ही नोकरी तरी टिकेल. आधीच्या नोकऱ्या माझ्या तोंडामुळे गेल्या हे तिने शेजारच्या काकूंनाही सांगून ठेवलंय. पण आज पहिल्या दिवशी रागवायला काही मिळालंच नाही, तेव्हा तेच टिपते.

हॉस्पिटल ऐसपैस आहे. आमचा कॉम्प्युटर विभाग तळमजल्यावर, मागच्या बाजूला. सर्व्हरच्या खोलीत इतकी थंडी की उद्यापासून शाल नेणार, मग भले मला म्हातारी म्हणोत. विभागाचे साहेब फार गोड माणूस. आईची चौकशी केली, खुर्ची बदलून दिली, वर स्वतः चहा मागवला. कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांवर इथे मोफत उपचार होतात, आणि खरं सांगायचं तर मी त्यासाठीच आलेय. आईच्या हृदयाची झडप बदलायचीय. हल्ली ती जिना चढताना मधेच थांबून भिंतीचा रंग न्याहाळते आणि तिला वाटतं की मला कळत नाही.

माझ्या ताब्यात आलेल्या सर्व्हरांपैकी एकाला सगळे 'घंटेवाली' म्हणतात. वर हृदयरोगाच्या वॉर्डात प्रत्येक बेडच्या उशाशी एक मॉनिटर आहे. त्याचा स्वतःचा आवाज अगदी बारीक ठेवतात, म्हणजे पेशंटना झोप लागते. कुणाचे ठोके बिघडले की ती खबर तारेतून खाली घंटेवालीकडे येते आणि ती सिस्टरांच्या टेबलावरची घंटा वाजवते. एवढंच तिचं काम. ऑपरेशननंतर आई त्याच वॉर्डात असणार, म्हणून मी जाता जाता त्या डब्यावर हात ठेवून तिला नीट वाग म्हणून सांगितलं.

मंगळवार, ५ मार्च

घेतला वसा टाकायचा नाही, म्हणून लिहिते. घंटेवालीत खोट आहे. तिचं नेटवर्क कार्ड मधेच मान टाकतं. काही सेकंद लाइन जाते आणि मग आपली आपण परत येते, जसं काही झालंच नाही. असला दोष सगळ्यात वाईट. दवाखान्याची पायरी चढली की पोटदुखी थांबणाऱ्या पोरासारखा तो आपण बघायला गेलो की शहाणा होऊन बसतो.

प्रत्येक वेळी माझ्या फोनवर टिंग वाजून निरोप येतो, 'लिंक डाऊन'. थोड्या वेळाने पुन्हा टिंग, 'लिंक अप'. साहेबांना दाखवलं तर ते हसले. म्हणाले, हा निरोप इथे सगळेच दाबून ठेवतात, नवा माणूस पहिले काही दिवस उड्या मारतो, मग तोही दाबतो. लाइन नेहमी परत येते, कुणाचं काही बिघडत नाही. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, माझी आई जिच्या भरवशावर झोपणार तिचं कार्ड मी असं सोडणार नाही.

शुक्रवार, ८ मार्च

माझी पद्धत सरळ आहे. एका वेळी एकच गोष्ट बाजूला काढायची आणि तिच्या जागी नवी लावायची. दोष गेला तर काढलेली गोष्ट दोषी, राहिला तर ती निर्दोष सुटली. असं करत करत शेवटी जे उरेल तो चोर.

केबल निर्दोष सुटली. स्विचचा, म्हणजे सगळ्या तारा एकत्र येतात त्या डब्याचा, पोर्टही सुटला. टिंग चालूच आहे. जेवताना, आंघोळीला गेलं की, आईशी भांडण ऐन रंगात आलं की टिंग. आई म्हणते, असा चिकाटीचा जावई मिळाला असता तर बरं झालं असतं.

सोमवार, ११ मार्च

आईला घेऊन डॉक्टरांकडे गेले होते. ते कागदावर हृदय काढून कुठे कापणार ते समजावत होते, आई पदराचं टोक पिळत ऐकत होती, आणि माझा फोन टिंग, टिंग, टिंग. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. आईने माझ्या मांडीला चिमटा काढला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथेच बसून निरोप दाबून टाकला. आता तो ना वाजणार, ना दिसणार. खोलीत कशी छान शांतता झाली. ऑपरेशन सव्वीस तारखेला ठरलं. परत येताना आई म्हणाली, बरं झालं त्या कार्ट्याचं तोंड बंद केलंस.

गुरुवार, १४ मार्च

आता मी इरेला पेटलेय. नवंकोरं कार्ड बसवलं, तरी लाइन पडते. स्विच बदलला, तरी पडते. आज तर दुसरा अख्खा सर्व्हर उभा केला, त्यावर घंटेवालीचं सगळं काम हलवलं, आणि जुनीला खोक्यात घालून वर चिकटपट्टी मारली. लॉग, म्हणजे यंत्राची नोंदवही, उघडला तर नव्याचीही लाइन दोनदा पडलेली. जुन्या माठाला भोक म्हणून नवा आणावा आणि पाणी त्यातूनही गळावं, तसं.

तारा तपासायला वॉर्डात गेले तर मोठ्या सिस्टरांनी चहाला बसवलं. त्या वॉर्डाच्या प्रमुख, इथेच केस पिकलेल्या. मी कार्डाचं रडगाणं गायला लागले तसा त्यांनी कप खाली ठेवला. मग कोपऱ्यातल्या चादरींच्या कपाटाकडे बोट करून म्हणाल्या, तिथे पूर्वी बेड होता.

त्या बेडवर तारवाल्या काकांची बायको होती. तारवाले काका म्हणजे माझ्या जागेवर माझ्या आधी होते ते. हे कार्ड लाइन टाकतंय असं ते साहेबांना पुन्हा पुन्हा सांगत होते. साहेबांना त्या टिंगचा कंटाळा आला आणि त्यांनी निरोप सगळ्यांच्याच फोनवर दाबून टाकला, काकांच्याही. एका दुपारी बाईंचे ठोके बिघडले. नेमकी लाइन पडलेली होती. टेबलावरची घंटा वाजलीच नाही. काका खाली तळमजल्यावर डबा खात बसले होते. सिस्टर फेरी मारत कोपऱ्यापर्यंत पोचल्या तेव्हा बाई गार पडल्या होत्या.

चौकशी झाली. साहेबांनी सांगितलं की काकांनीच केबल सैल सोडली होती. बायको गेली ती गेली, वर तिचा जीव घेतल्याचा ठपका. काकांनी घरी जाऊन अंथरूण धरलं ते उठलेच नाहीत. नोकरी सोडून जायच्या दिवशी वॉर्डाच्या दारात उभं राहून ते एवढंच म्हणाले होते, की ज्यांनी ज्यांनी ही घंटा दाबली, त्यांच्या घरावर वेळ आली की ती त्यांच्यासाठीही वाजणार नाही.

बरोबर बोलले काका. मी असते तर साहेबांची कॉलर धरून बोलले असते. गोड माणूस म्हणे. गोड बोलून गळा कापणारा.

शनिवार, १६ मार्च

मेल्याने माझ्यावरही तोच डाव टाकला. आज वरच्यांना लेखी कळवलंय, आणि मोठेपणा असा की मलाही प्रत पाठवलीय. नव्या बाई आल्यापासून घंटेवालीत परस्पर बदल करताहेत, काही विपरीत घडल्यास विभाग जबाबदार नाही. म्हणजे उद्या कुणी गेलं की फास माझ्या गळ्यात, आणि नोकरीबरोबर आईचं ऑपरेशनही गेलं.

आईला काही सांगितलं नाही. ती म्हणाली, आज भांडी फार आपटतेयस. मी अजून आपटली. याला सोडणार नाही.

मंगळवार, १९ मार्च

सापडलं. स्वतःचंच हसू येतंय, पण सापडलं.

साहेब काल रजेवर होते. दिवसभरात लाइन एकदाही पडली नाही. आज ते आले आणि पुन्हा पडायला लागली. मग मुख्य दारावर जे कार्ड दाखवून आत येतो त्याची नोंद काढली आणि लॉगशी ताडून पाहिली. ते आत असतील तेव्हाच लाइन पडते, आणि ते पहाटे येऊन रात्रीच जातात म्हणून मला घरीही टिंग यायचं. ते जेवायला बाहेर गेले की ठणठणीत. मागचा सगळा लॉग तपासला, कुठेही अपवाद नाही. केबल, पोर्ट, कार्ड, स्विच, सर्व्हर सगळे निर्दोष सुटले, आणि उरला हा बाबा. दोष यंत्रात नाही, माणसात आहे.

हे कुणाला सांगायची सोय नाही. सांगितलं तर मलाच वेड्यांच्या वॉर्डात भरती करतील.

बुधवार, २० मार्च

लाइन पडते त्या क्षणी तारेत काय चाललंय ते पकडून ठेवायला एक प्रोग्रॅम लावला होता. आज उघडून पाहिला. वाटलं होतं की तेवढ्या वेळात काहीच नसेल.

पण कार्ड बंद पडत नाही. बाकी सगळ्या बेडचं ऐकणं ते थांबवतं आणि एकाच मॉनिटरचं ऐकत राहतं. प्रत्येक मॉनिटरला आपापला नंबर असतो. हा नंबर आमच्या यादीतून केव्हाच काढून टाकलेला आहे. वर जाऊन पाहिलं. कपाट सरकवलं, त्यामागे भिंतीत जुना पोर्ट आहे. त्याची तार कापलेली, टोकाला टेप गुंडाळलेली. त्या टोकातून ठोके येताहेत. आधी नीट, मग घाईघाईने, मग आडवी रेघ. दर वेळी तेच, पहिल्यापासून.

कपाट होतं तसं परत लोटलं. पण खोटं कशाला बोलू, भीतीबरोबर बरंही वाटलं. कुणीतरी आहे म्हणजे. कुणीतरी विसरलेलं नाही.

शुक्रवार, २२ मार्च

साहेबांना ऑफिसातच छातीत कळ आली. घामाघूम झाले. वर नेलं. वॉर्डात एकच बेड रिकामा होता, कपाटाशेजारचा. उशाशी मॉनिटर लावला, त्याचा आवाज नेहमीसारखा बारीक केला, आणि मोठ्या सिस्टर टेबलाशी जाऊन बसल्या. आता काही झालं तर घंटा वाजेल म्हणाल्या.

मी दारातच उभी होते. मला ठाऊक होतं. एक शब्द बोलायचा होता, की यांच्या उशाशी बसा, त्या घंटेवर विसंबू नका. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ते पत्र डोळ्यापुढे आलं. आई आठवली. काका आठवले, खाली डबा खात बसलेले.

नाही बोलले. खाली येऊन माझा डबा उघडला आणि सगळा संपवला.

शनिवार, २३ मार्च

गेले. सकाळी, फेरीच्या वेळी. मोठ्या सिस्टर हाकेच्या अंतरावर पाठ करून उभ्या होत्या. घंटा वाजली नाही. बिचाऱ्या रडत होत्या. म्हणाल्या, पुन्हा तसंच झालं, अगदी तसंच.

करावं तसं भरावं. मी काही केलेलं नाही. मी फक्त गप्प बसले.

सोमवार, २५ मार्च

लाइन एकदाही पडलेली नाही. लॉग धुतल्या तांदळासारखा स्वच्छ. काकांचा हिशेब पुरा झाला म्हणायचं. आईची बॅग भरली. तिने तीत लिपस्टिक टाकली. कशाला विचारलं तर म्हणाली, शुद्धीवर येईन तेव्हा डॉक्टरांपुढे अवतार नको.

मंगळवार, २६ मार्च

ऑपरेशन छान झालं. डॉक्टर म्हणाले, झडप मस्त बसली, आता फक्त ठोक्यांवर लक्ष ठेवायचं आणि काही दिवस जागचं हलवायचं नाही. मी जिन्यात बसून पोटभर रडले आणि मग दोन कप चहा प्यायले.

बुधवार, २७ मार्च

आईला वॉर्डात आणलं. कपाटाशेजारचा बेड. दुसरा रिकामा नव्हता, मी भांडून पाहिलं. आई खुशीत आहे. आवाज बारीक झालाय पण जीभ शाबूत आहे. म्हणाली, शेजारीण चांगली मिळाली, कोपऱ्यातली. फार बोलत नाही, पण सारखी तुझीच चौकशी करते.

कोपऱ्यात कपाट आहे.

खाली येऊन लॉग उघडला. लाइन पडली होती. मी आईच्या बेडपाशी उभी होते, तेव्हाच.

गुरुवार, २८ मार्च

सकाळपासून पडतेय. साहेब तर नाहीत. मग कोण उरलं? केबल नाही, कार्ड नाही—

ज्यांनी ज्यांनी दाबली, असं म्हणाले होते काका. ज्यांनी ज्यांनी. मी ते ऐकल्यासारखं ऐकलं आणि मान डोलावली. डॉक्टरांच्या खोलीत मीच दाबली होती. वॉर्डाच्या दारात तोंडही मीच मिटलं होतं.

निरोप पुन्हा चालू केला. फोन गप्पच आहे. काका, चालू केला मी. ऐकतेय मी आता.

दुपारी एकच गोष्ट बदलून पाहिली. मला. इमारतीबाहेर आले, समोरच्या बाकावर बसून फोनवरून लॉग पाहत राहिले. लाइन पडली नाही. दारातून आत पाऊल टाकलं, पडली. बाहेर आले, थांबली. पुन्हा करून पाहिलं. तेच.

म्हणजे मीच. मग मी बाहेर राहीन. त्यात काय.

मोठ्या सिस्टरांना बाकापाशी बोलावून आता सगळं सांगितलं. पाय धरले. त्यांनी वेड्यात काढलं नाही. आईच्या मॉनिटरचा आवाज मोठा केला, खुर्ची ओढून उशाशी बसल्या. बाकावरून खिडकीत त्यांची पाठ दिसते.

शुक्रवार, २९ मार्च

बाकावरच आहे. लाइन एकदाही पडली नाही.

आईचा फोन. ये ना म्हणते. कोपऱ्यातल्या बाईंचा नवराही आलाय, तुमच्याच खात्यातला, माझ्या मशीनची तार बघतोय, फार सभ्य माणूस. म्हणाला, मुलीला बाहेर बसवलं ते बरं केलं, इथे तिचं काय काम.

मोठ्या सिस्टर खिडकीत नाहीत.

त्या फाटकातून बाहेर येताहेत, पर्स घेऊन. पाळी संपली. मला पाहून हात केला, रस्त्यापलीकडूनच सांगितलं की नव्या सिस्टरला सगळं नीट सांगून आलेय. पोर गुणी आहे. आईला झोप लागावी म्हणून मशीनचा आवाज तेवढा बारीक केलाय तिने, टेबलाशी बसलीय, घंटा आहेच—

टिंग.

टिंग टिंग टिंग. दाबून ठेवलेले सगळे एकदम येताहेत. अकरा तारखेचा. बाराचा. सगळे डाऊन. बावीसचा. थांबतच नाहीत. यातला आजचा कुठला? वर सरकवतेय, जुने, जुने, हाही जुना—

थांबले.

मी बाहेर आहे. माझ्यामुळे नाही पडणार. मी बाहेर आहे म्हणून तर—

एकेक गोष्ट बाजूला काढायची. कार्ड काढलं, केबल काढली. आणि तिच्या उशाशी जी बसली असती, तिला मी माझ्या हाताने बाजूला काढून इथे आणून बसवलं. काका खाली डबा खात होते तसं—

टिंग.

आजचा. लिंक डाऊन.

पाय उचलत नाहीत. खिडकीत दोघं उभी आहेत. माझ्याकडेच बघताहेत. आईकडे कुणीच बघत नाही.

लिंक अप यायला हवं. नेहमी येतं. काही सेकंदच लागतात. आई, आत्ता येईल ते. आत्ता—